डोंगरी शाळेंतील प्रोजेक्टर

जव्हार-मोखाड्याच्या मुलुखांत ज्यांनीं बोहाडा पाहिला असेल, त्या श्रोत्यांना काळोखाचें मोल मीं निराळें सांगावयास नको. रात्र चढते, संबळ घुमूं लागतो आणि टेंभ्यांच्या उजेडांत एकेक सोंग मुखवटा चढवून पुढें येतें. तेंच सोंग भर दुपारीं अंगणांत आणून उभें केलें, तर पाहणाऱ्यास रंगविलेल्या मुखवट्यापलीकडे फारसें कांहीं दिसणार नाहीं. सोंग तेंच, मुखवटा तोच. उणा पडतो तो काळोख. आज ज्या यंत्राविषयीं मी बोलणार आहें, त्या प्रोजेक्टरचा अर्धा व्यवहार या एका गोष्टींत आला. उरलेला अर्धा उष्णतेचा आहे. त्याकडे मागाहून वळूं.

भिंतीवर उजेडानें चित्र उमटविण्याची हौस मात्र फार जुनी. इ. स. १६५९ च्या सुमारास हॉलंडमधील क्रिस्तियान हायगेन्स या शास्त्रज्ञानें दिवा, कांचेवरील चित्र आणि भिंग यांची जुळणी करून जादूचा कंदील सिद्ध केला. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं ‘शांभरिक खरोलिका’ या भारदस्त नांवानें अशाच कंदिलाचे खेळ सुरू केले. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें ते पडद्यावर दाखवीत आणि सोबत कथा सांगत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चालतीं चित्रें प्रथम दिसलीं तीं ७ जुलै १८९६ रोजीं. म्हणजे कल्याणचा कंदील त्याच्याही चार वर्षें आधींचा. आजच्या प्रोजेक्टरनें या कंदिलांतील एकच वस्तु बदलली आहे. रंगविलेल्या कांचेच्या जागीं आतां अंगठ्याच्या नखाएवढे विजेवर चालणारे पडदे आले, किंवा तेवढ्याच पट्टीवर बसविलेले सूक्ष्म आरसे आले. हे आरसे बसविण्याची युक्ति अमेरिकेंतील लॅरी हॉर्नबेक यांनीं १९८७ सालीं काढली. शाळेंतील साध्या यंत्रांत असे सुमारें आठ लाख आरसे असतात आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारों वेळां मान हलवितो. परंतु मागें दिवा आणि पुढें भिंग हें जुनें कुटुंब आहे तसेंच आहे, आणि त्याच्या जुन्या खोडीही तशाच आहेत.

शाळाशाळांतून हीं यंत्रें कशीं आलीं हें थोडक्यांत सांगतों. शेजारच्या शहापूर तालुक्यांतील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेनें लोकांच्या साहाय्यानें संगणक आणि प्रोजेक्टर वर्गांत आणले, आणि त्या शाळेचें नांव राज्यभर झालें. २०१५ सालीं सरकारनें ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा उपक्रम हातीं घेतल्यानंतर गांवोगांवीं शाळा ‘डिजिटल’ करण्याची लाट आली. कोठें गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली, कोठें शिक्षकांनीं पदरमोड केली, कोठें मुंबईकडील एखाद्या दात्यानें यंत्र पाठविलें. यंत्र आलें, नारळ फुटला, छायाचित्र निघालें. तें यंत्र चालवावें कसें आणि जपावें कसें, हें शिकविण्यास मात्र बहुधा कोणी आलें नाहीं. देणाऱ्याची ही चूक मला घेणाऱ्याच्या चुकीपेक्षां मोठी वाटते.

दोन-तीन वर्षांपूर्वीं मोखाडा तालुक्यांतील एका पाड्यावरच्या शाळेंत माझें जाणें झालें. शाळेचें नांव सांगत नाहीं. सांगण्याचें कारणही नाहीं, कारण अशा शाळा अनेक आहेत. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार इयत्ता. बोलतां बोलतां गुरुजींनीं लोखंडी कपाट उघडलें आणि प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळलेला प्रोजेक्टर दाखविला. “एक वर्ष चालला, साहेब. मग गेला.” नव्या दिव्याची किंमत विचारल्यावर त्यांनीं तो विषय सोडून दिला होता. दुरुस्तीसाठीं यंत्र नाशिकला किंवा ठाण्याला न्यावयाचें, म्हणजे एका शिक्षकाचा दिवस मोडावयाचा, आणि दोन शिक्षकांच्या शाळेंत तो दिवस अर्ध्या शाळेचा असतो. त्या एका वर्षांत मुलांनीं काय पाहिलें असें मीं विचारलें, तेव्हां पाठीमागच्या रांगेंतील एक मुलगी म्हणाली, “समुद्र.” पालघर जिल्ह्याच्या पश्चिमेस डहाणूपासून वसईपर्यंत समुद्रच समुद्र आहे, पण डोंगरावरच्या त्या मुलांनीं तो प्रथम पाहिला भिंतीवर. “गुरुजी, परत कधीं लावणार?” हें तिनें माझ्यादेखत विचारलें आणि गुरुजींना उत्तर देतां आलें नाहीं.

त्यानंतर तासभर आम्हीं त्या यंत्राचा पूर्वेतिहास काढला. गुरुजींच्या तक्रारी तीन होत्या. पहिली, चित्र फिकें दिसे. दुसरी, मुलें म्हणत कीं वायर चावते. तिसरी, एके दिवशीं वीज गेली, आली, आणि दिवा पुन्हां लागला नाहीं. या तिन्ही तक्रारींचा परामर्श घेतला म्हणजे प्रोजेक्टरचें बहुतेक शास्त्र होतें, म्हणून मी त्याच क्रमानें जातों.

फिक्या चित्राचें कारण यंत्रांत नव्हतें, खिडकींत होतें. प्रोजेक्टर उजेड फेकतो. काळोख फेकणें त्यास शक्य नाहीं. चित्रांतील काळा भाग म्हणजे जेथें यंत्रानें कांहींच फेकलें नाहीं अशी भिंत. ती भिंत खिडकींतल्या उन्हानें अगोदरच उजळलेली असेल, तर चित्रांतला काळा रंगही तेवढाच उजळ. चार आंकडे घेऊन पाहूं. यंत्रावर ‘३००० ल्यूमेन’ असें लिहिलेलें असतें. तो त्याच्या उजेडाचा सांठा समजावा. हा सांठा दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच चित्रावर पसरला, तर प्रत्येक चौरस मीटरास हजार भाग उजेड येतो. खिडक्या उघड्या असलेल्या वर्गांत भिंतीवर अगोदरच अडीचशें भाग उजेड आहे असें धरा. मग काळा अडीचशें, पांढरा साडेबाराशें. म्हणजे पांढरा काळ्याच्या पांचपट. आतां गुरुजींनीं हौसेनें केलें होतें तसें चित्र तीन मीटर रुंद केलें, तर तोच सांठा पावणेसात चौरस मीटरांवर पसरून प्रत्येकीं साडेचारशेंच्या आंतच उरतो आणि पांढरा काळ्याच्या तिप्पटही भरत नाहीं. उलट चित्र दोनच मीटर ठेवून खिडक्यांवर जाड कांबळीं टांगलीं आणि भिंतीवरचा उजेड पंचवीस भागांवर आणला, तर तोच पांढरा काळ्याच्या चाळीसपट होतो. यंत्र तेंच, खर्च दोन कांबळ्यांचा.

म्हणून पहिला नियम असा कीं, चित्र मोठें करण्याचा मोह आवरावा आणि खिडकी झांकावी. दाराकडून येणारा उजेडही चित्राच्या भिंतीवर सरळ पडतां कामा नये. त्यासाठीं चित्राची भिंत दार-खिडक्यांच्या समोरची न निवडतां त्यांच्याच बाजूची किंवा आडवी निवडावी. दार मात्र झांकलें तरी कडी लावूं नये. काळोख्या खोलींत तीस-चाळीस मुलें बसलेलीं असतात. कांहीं झालें तर त्यांना एका ढकलीसरशी बाहेर पडतां आलें पाहिजे. पडदा विकत घेण्याची गरज नाहीं. गुळगुळीत भिंतीवर चकाकी नसलेला पांढरा रंग दोन हात दिला कीं उत्तम पडदा होतो. चकाकणारा तेलरंग देऊं नये; त्यांत दिव्याचाच डोळा प्रतिबिंबित होऊन एका बाजूच्या मुलांना चित्राऐवजीं एक पांढरा गोळा दिसतो. येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. वारली घरांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चित्र काढतात तेव्हां काळोखाचें काम गेरू करतो आणि उजेडाचें काम पीठ करतें. त्याच गेरूच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला, तर गेरू निम्म्याहून अधिक उजेड गिळून टाकतो आणि समुद्र तांबडा दिसतो. एका चित्राची भिंत दुसऱ्या चित्राला चालत नाहीं.

नवें यंत्र घेणाऱ्यांस एक सूचना. बाजारांत खेळण्यासारखे छोटे प्रोजेक्टर मिळतात आणि त्यांच्या खोक्यावर दहा-दहा हजार ल्यूमेन छापलेले असतात. त्या आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. ‘आन्सी ल्यूमेन’ किती असें विचारावें; ही मोजणी ठराविक रीतीनें होते. दुकानदार उत्तर टाळूं लागला म्हणजे उत्तर मिळालेंच.

यंत्र ठेवण्याच्या जागेविषयीं फार बोलण्यासारखें नाहीं. साधारण यंत्रास दोन मीटर रुंद चित्रासाठीं तीन-एक मीटर अंतर लागतें. नेमकें प्रमाण यंत्रासोबतच्या पुस्तिकेंत असतें. टेबल हलणारें नसावें. यंत्र भिंतीसमोर अगदीं सरळ, काटकोनांत ठेवावें. तें तिरपें असलें म्हणजे चित्र एका अंगास रुंद आणि दुसऱ्या अंगास अरुंद होतें. हा दोष सुधारण्याची कळ यंत्रांत असते; पण ती चित्राच्या कडा कापून सरळपणा आणते आणि तेवढीं अक्षरें अस्पष्ट होतात. आधीं टेबल सरकवावें, पाय वरखालीं करावे, आणि उरलेल्या फरकापुरतीच ती कळ वापरावी. नंतर भिंगाभोंवतालची कडी फिरवून अक्षरें स्पष्ट करावीं. हें काम यंत्र दहा मिनिटें तापल्यावर करावें, कारण तापल्यावर भिंगें किंचित् सरकतात आणि थंडपणीं जुळविलेलें चित्र पुन्हां पुसट होतें. संगणक जोडून चित्र आलें नाहीं तर घाबरूं नये. संगणकास ‘दोन्हीकडे दाखव’ अशी आज्ञा द्यावी लागते, आणि बहुतेक संगणकांवर ती ‘विंडोज’ची कळ दाबून धरून ‘पी’ दाबल्यानें देतां येते.

मुलांच्या डोळ्यांविषयीं मात्र थांबून सांगितलें पाहिजे. भिंगांतून निघणारा झोत सूर्याकडे पाहण्यासारखाच घातक समजावा. लहान मुलांना त्यांत डोकावण्याची स्वाभाविक ओढ असते. भिंतीवर हाताची सांवली पाडून हरीण आणि कुत्रा करण्याची तर सर्वांनाच असते. सांवलीचा खेळ खेळूं द्यावा, पण पाठ यंत्राकडे आणि तोंड भिंतीकडे ठेवून. यंत्र मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बाकांच्या मधोमध न ठेवतां, शक्य तर वर तुळईस किंवा भिंतीच्या फळीवर बसवावें, म्हणजे झोत डोक्यांवरून जातो. वर बसवितांना लाकूड वाळवी लागलेलें नाहीं ना हें पाहावें, आणि मुख्य पकडीशिवाय एक पोलादी साखळी निराळी अडकवावी. तीन-चार किलोचें यंत्र मुलांच्या डोक्यावर लटकत असतें. चित्र क्षणभर बंद करावयाचें असेल तर भिंगापुढें पुस्तक किंवा झांकण धरूं नये. तो उजेड अडविला कीं त्याची उष्णता होते. झांकण वितळतें, कागद करपतो. त्यासाठीं यंत्रावर निराळी कळ असते.

आतां चावणारी वायर. गुरुजी ही तक्रार हंसून सांगत होते. मला मात्र ती ऐकून दरदरून घाम आला. संगणकापासून प्रोजेक्टरपर्यंत जाणाऱ्या तारेच्या टोकाशीं धातूची चौकट असते. मुलें तिला हात लावीत आणि बोटांना झिणझिण्या येत. मीं तारेचा माग काढला. प्रोजेक्टरला तीन पायांचा प्लग होता, परंतु भिंतीवरून आणलेली जोडतार दोन छिद्रांची. म्हणून कोणीं तरी मधला जाड पाय पकडीनें तोडून टाकला होता. श्रोतेहो, तो मधला पाय शोभेचा नाहीं. यंत्राच्या पोटांतून थोडीशी वीज त्याच्या धातूच्या अंगावर पाझरत असते, आणि मधल्या पायाच्या वाटेनें ती जमिनींत निघून जाते. वाट बंद केली कीं ती अंगावर साचून राहते आणि मुलाच्या बोटांतून, ओल्या फरशीवर टेकलेल्या अनवाणी पायांतून जमीन शोधते. रोजच्या पाझरानें झिणझिण्या येतात. परंतु आंतील एखादी तार सुटून अंगाला टेकली, तर तीच वाट २३० व्होल्टची होते, आणि मग झिणझिण्या येऊन भागत नाहीं. आमच्याकडे पावसाळ्यांत वर्गाची फरशी महिनोन् महिने ओली असते आणि मुलें अनवाणी असतात, हें लक्षांत घ्यावें. शाळेंत वायर चावते असें एकाही मुलानें म्हटलें, तर त्या क्षणीं मुख्य बटन बंद करावें आणि वायरमन येऊन जाईपर्यंत यंत्र लावूं नये.

पाय शाबूत असून भागत नाहीं. तो जेथें पोंचतो तेथें जमीन खरोखर असली पाहिजे. वीजवाले तिला अर्थिंग म्हणतात. शाळेच्या मागें खड्डा खणून त्यांत नळ उभा करतात, भोंवतीं कोळसा आणि मीठ भरतात आणि तार त्या नळास जोडतात. सपाटीवरच्या गांवांत हें एकदां केलें कीं बहुधा निभावतें. आमच्या डोंगरांत काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ. होळीनंतर तो वाळून खडखडीत होतो आणि वाळलेली माती वीज घेईनाशी होते. अर्थिंग कागदावर असतें, जमिनींत नसतें. म्हणून फाल्गुनापासून मृगापर्यंत त्या खड्ड्यांत आठवड्यांतून दोनदां बादलीभर पाणी घालावें. उन्हाळ्यांत येथें प्यावयाचें पाणी बायकांच्या डोक्यावरून येतें, हें मला ठाऊक आहे. खड्ड्यास हातपाय धुतलेलें पाणी चालतें. वर्षांतून एकदां वायरमनकडून अर्थिंगची मोजणी करून घ्यावी. शिवाय तीस मिलिअँपियरचें, गळती होतांच वीज तोडणारें बटन मुख्य फळीवर बसवून घ्यावें. प्रोजेक्टरच्या किंमतीपुढें त्याची किंमत नगण्य आहे, आणि माझ्या मतें ज्या शाळेंत तें नाहीं तेथें प्रोजेक्टर देऊंच नये.

तारा दाराच्या वाटेवरून ओढूं नयेत. ओढाव्याच लागल्या तर रुंद चिकटपट्टीनें जमिनीस चिकटवाव्या. काळोखांत धांवणाऱ्या मुलाचा पाय तारेंत अडकला तर मूलही पडतें आणि यंत्रही. वैशाखांतल्या वळवाच्या विजा कडकडूं लागल्या कीं यंत्र नुसतें बंद करून थांबूं नये, प्लग भिंतींतून उपटावा आणि बाहेरून आलेली इतर कोणतीही तार सोडवावी. आकाशांतली वीज तारेवरून आली तर अर्थिंग किंवा बटन तिला अडवूं शकत नाहीं.

तिसरी तक्रार दिव्याची. येथें उष्णतेचा अर्धा भाग सुरू होतो.

जुन्या धर्तीच्या यंत्रांतील दिवा घरांतल्या दिव्यासारखा नसतो. गारेच्या कांचेचा, वाटाण्याएवढ्या पोकळीचा तो फुगा. त्यांत पाऱ्याची वाफ, आणि दिवा पेटला म्हणजे त्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या दोनशेंपटीच्या आसपास पोंचतो. इतक्या कोंडलेल्या उष्णतेस यंत्रांतला पंखा सतत वारा घालीत असतो. दिवा बंद केल्यावरही पंखा मिनिट-दोन मिनिटें फिरत राहतो, तो उगाच नव्हे. दिव्यांत उरलेली उष्णता बाहेर काढण्यासाठीं. वीज गेली कीं पंखा आणि दिवा एकदमच थांबतात. उष्णता मात्र आंतच राहते. असें पुन्हां पुन्हां घडलें म्हणजे गारेची कांच दुधाळ होते, तिला सूक्ष्म भेगा जातात, आणि दोन-चार हजार तास टिकावयाचा दिवा कांहीं शें तासांत संपतो. मोखाड्याच्या त्या शाळेंत पावसाळ्यांत दिवसांतून दोन-तीनदां वीज जात असे. आणि वीज परत आली रे आली कीं गुरुजी उत्साहानें कळ दाबीत. तापलेला दिवा, वर परत आलेल्या विजेचा पहिला हिसका. मुलें वाट पाहात बसलेलीं असत. त्यांची तरी काय चूक?

अशा वेळीं करावयाचें तें असें. वीज जातांच यंत्राची कळ आणि भिंतीवरचें बटन बंद करावें. यंत्र उचलूं नये, हलवूं नये, त्यावर कापड टाकूं नये. आहे तसें अर्धा तास निवूं द्यावें. वीज आल्यावर पांच मिनिटें पंखे आणि दिवे नीट चाललेले पाहावे, मग यंत्र लावावें. ज्या शाळेला शक्य असेल तिनें हजार व्होल्ट-अँपियरचा लहान यू.पी.एस. यंत्रासाठीं घ्यावा. तो धडा पुरा करण्यासाठीं नसून वीज गेल्यावर दिवा रीतसर विझवून पंख्यास त्याचीं दोन मिनिटें मिळावीं यासाठीं असतो. घरगुती चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर या यंत्रास मानवत नाहीं. शुद्ध साइन लहरीचा असावा. आतां एल.ई.डी. आणि लेसरवर चालणारीं यंत्रें आलीं आहेत. त्यांत पाऱ्याचा दिवा नसतो, आयुष्य वीस हजार तासांच्या घरांत सांगतात, आणि वीज अकस्मात् गेल्याचा त्रास त्यांना कमी होतो. लहान एल.ई.डी. यंत्र सौर संचावरही चालूं शकतें. आमच्यासारख्या मुलुखांत नवें घ्यावयाचें झालें तर हेंच घ्यावें असें मी सांगेन, जरी हातीं पैसे मोजतांना तें महाग वाटलें तरी.

पंख्यास वारा मिळाला पाहिजे. यंत्राच्या चारी बाजूंस हातभर मोकळी जागा ठेवावी. गादीवर, सतरंजीवर, वह्यांच्या गठ्ठ्यावर तें ठेवूं नये, कारण खालच्या जाळ्या बुजतात. ज्या जाळींतून ऊन वारा बाहेर पडतो तिच्याजवळ मुलें बसवूं नयेत. वारा आंत घेणाऱ्या जाळीवर धूळ गाळण्याचें पातें असतें. उन्हाळ्यांत तांबडी धूळ, आणि बारा महिने शेजारच्या पाकखोलींतला खिचडीच्या फोडणीचा तेलकट धूर, हीं दोन्हीं मिळून त्या पात्यावर घट्ट थर बसवितात. महिन्यांतून एकदां तें काढून मऊ ब्रशानें झाडावें. तें बुजलें कीं यंत्र तापून आपणच बंद पडतें. तो बिघाड नसून ओरड आहे. तसें झालें तर पुन्हां पुन्हां कळ दाबीत बसूं नये. भिंग पुसण्यासाठीं धोतराचा किंवा साडीचा पदर, रुमाल, थुंकी, यांपैकीं कांहीं वापरूं नये. हवेच्या रबरी फुग्यानें धूळ उडवावी आणि चष्म्याच्या कापडानें हलक्या हातानें पुसावें.

आतां पाऊस. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंचीवर आहे; पावसाळ्यांत ढग खिडकींतून वर्गांत येतात असें म्हटलें तर ती केवळ काव्यकल्पना नव्हे. अशा हवेंत यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून लोखंडी कपाटांत चार महिने ठेवणें, म्हणजे त्यास दमट पेटींत कोंडणें होय. ओल आंत अडकते, भिंगावर बुरशीचीं जाळीं धरतात, आणि तीं पुसून निघत नाहींत. मीं पाहिलेल्या यंत्राच्या भिंगावर तशीं जाळीं होतीं. उपाय सोपा आहे: पावसाळ्यांत यंत्र अधिक वापरावें. आठवड्यांतून दोनदां अर्धा-पाऊण तास चाललें कीं त्याच्याच उष्णतेनें आंतली ओल निघून जाते. ठेवतांना झांकणाच्या डब्यांत ठेवावें आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या. रंग बदलणाऱ्या गोळ्या असतील तर रंग पालटतांच तव्यावर मंद आंचेवर भाजून पुन्हां वापरतां येतात. तो तवा मात्र मग जेवणाकडे नेऊं नये. थंड खोलींतून दमट वर्गांत आणलेलें यंत्र लगेच लावूं नये. भिंगावर दंव धरतें तसें आंतही धरलेलें असतें. तासभर तसेंच ठेवावें.

कोणी विचारील कीं, एवढी यातायात करण्यापेक्षां भिंतीवरचा मोठा टी. व्ही. काय वाईट? कांहीं वाईट नाहीं. उजेडांत तो प्रोजेक्टरपेक्षां चांगला दिसतो आणि जपण्यासही सोपा. एकाच वर्गाचें काम असेल तर तोच घ्यावा. परंतु प्रोजेक्टर पिशवींत घालून पुढच्या पाड्यावर नेतां येतो, आणि रात्रीं शाळेच्या भिंतीवर सबंध पाडा बसून पाहूं शकतो. दिवाळीनंतर निम्मीं घरें वीटभट्ट्यांकडे उठून जाण्याच्या आधीं, भाताच्या रोगाविषयीं किंवा बाळंतिणीच्या आहाराविषयीं कांहीं दाखवावयाचें असेल, तर तें रात्रींच दाखवितां येतें, आणि तेव्हां काळोख फुकट मिळतो.

त्या शाळेंत पुढें अर्थिंगचा खड्डा खणला, जोडतार तीन छिद्रांची आणली, मग नवा दिवा बसविला, आधीं नव्हे. खड्ड्यांत पाणी घालण्याचें काम चौथीच्या मुलांकडे आहे. जुना दिवा गुरुजी शाळेमागच्या ओहोळांत टाकणार होते. तो तसा टाकूं नये. त्यांत थोडा कां होईना पारा असतो, आणि ओहोळाचें पाणी खालच्या पाड्यावरचीं माणसें पितात. नव्या दिव्याच्या खोक्यांतच जुना दिवा बांधून ठेवावा आणि तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीं ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. दिवा यंत्रांत फुटला, मोठा आवाज झाला, तर मुलांना बाहेर न्यावें, दारें-खिडक्या उघडाव्या आणि अर्धा तास आंत जाऊं नये. कांचा झाडूनें झाडूं नयेत. हातांत रबरी मोजे घालून जाड कागदानें त्या गोळा कराव्या, ओल्या फडक्यानें जागा टिपावी, आणि कांच, कागद, फडकें, मोजे सारें एका झांकणाच्या बरणींत बंद करून तेंही त्याच माणसाकडे पाठवावें.